मागच्या सीटवरची वही

सोमवार, ३ फेब्रुवारी

परवानगी आली! पत्र दोनदा मनात वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं आणि चौथ्यांदा नवऱ्याला फोनवर ऐकवलं. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. मशीन चालू होतं, त्याला बहुतेक "घरी" आणि "शाळा" एवढंच ऐकू गेलं. तेवढ्यावर म्हणाला, "छान." या माणसाला आनंद झाला तरी "छान" आणि पाय मुरगळला तरी "छान"च.

तर उद्यापासून खारू शाळेत जाणार नाही. शाळाच खारूकडे येणार! सध्या तीन महिन्यांपुरती. ६ मे रोजी शिक्षण खात्याच्या बाई घरी येऊन बघणार. प्रगती दिसली तर पुढे चालू, नाही दिसली तर पुढच्याच आठवड्यात पुन्हा तोच वर्ग आणि तोच बाक.

तो बाक मला नको. दहा वर्षांची पोर, विचारलेल्याचं उत्तर द्यायला तिला वेळ लागतो, एवढाच तिचा गुन्हा. हिचं तोंड उघडेपर्यंत वर्गातल्या बाई दोन बाक पुढे गेलेल्या असायच्या. मग हिनं तोंड उघडणंच सोडलं. वर्षभर रोज सकाळी पोटात दुखतंय, आणि सुट्टीच्या दिवशी मात्र नाही. वर्गात तिला "घुमी" म्हणतात. माझ्या खारूला! बटणं, पेन्सिलींची टोकं, बसची तिकिटं, सगळं खारीसारखं साठवून ठेवते म्हणून आम्ही खारू म्हणतो. साठवणारी मुलगी घुमी कशी असेल?

आणि शिकवता येईल का, असं मला कुणी विचारूच नये. मी चौदा वर्षं गाडी चालवायला शिकवते. क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे ज्यांना ठाऊक नव्हतं अशी चारशेवर माणसं माझ्या हाताखालून रस्त्यावर गेली आहेत. त्यापुढे भागाकार म्हणजे किस झाड की पत्ती!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पहिला दिवस! वेळापत्रक फ्रिजवर लावलं. आठ विषय, चाळीस-चाळीस मिनिटं, घंटेच्या जागी स्वयंपाकघरातला टायमर. खारू जेवणाच्या टेबलापाशी बसली, मी तिच्या शेजारी, खुर्चीला खुर्ची लावून. तिनं आधी वेळापत्रक पूर्ण वाचलं आणि विचारलं, "मधली सुट्टी कुणाबरोबर?"

"माझ्याबरोबर!" मी म्हटलं. ती हसली. हसली म्हणजे निम्मं काम झालं.

दुपारी गाडीचे धडे असतात आणि घरी कुणी नसतं, म्हणून तिला मागच्या सीटवर घेतलं. आज नवे शिकाऊ होते, दातांचे डॉक्टर. लोकांच्या तोंडात ड्रिल घालताना हात कापत नाही, पण स्टीअरिंग धरलं की गृहस्थांना दरदरून घाम. त्यांना पहिल्या दिवशी सांगतात ते सगळं सांगितलं: माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक आहे, तुम्ही चुकलात तर मी दाबणार, घाबरायचं नाही. पहिल्या धड्याला वीस-पंचवीस वेळा दाबावाच लागतो. मग हळूहळू कमी. ज्या दिवशी माझा पाय एकदाही लागला नाही, त्या दिवशी परीक्षेच्या मैदानात जायचं. आणि आठ-दहा धडे होऊनही माझा पाय कमी होत नसेल, तर खोट शिकणाऱ्यात नाही, शिकवणाऱ्याच्या पायात आहे. हे वाक्य माझं स्वतःचं, आणि मला ते फार आवडतं.

परत येताना खारूनं विचारलं, "आई, बेकरीपाशी गाडी कुणी थांबवली? त्यांनी की तू?"

"मी. पण त्यांना वाटलं त्यांनीच."

"मला कळलं होतं," ती म्हणाली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि एक जुनी वही मागून घेतली. चित्रं काढायला असेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आठ विषय म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. टायमर सारखा वाजतो, इतिहासात डाळ करपली. आता चार विषय, पावणेदहा ते एक. शाळेतल्या पाच तासांत हजेरी, रांगा, "शांत बसा" हे वजा केलं तर उरतं केवढंसं! तीन तास पुष्कळ झाले. हे मला आठवड्यात कळलं, याचा कोण आनंद!

नवरा मात्र रात्री जेवताना टेबलाखाली बघून हसत होता. मी पूर्वीपासून कुठंही बसले की उजव्या पायानं जमीन दाबते. बसमध्ये, सिनेमात, अगदी न्हाव्याच्या दुकानात ह्याच्या शेजारी बसले तरी. माझ्या खुर्चीपुढची चटई तेवढीच झिजली आहे. "हल्ली वेगानं झिजतेय," तो म्हणाला. निरीक्षण भिंगांचं करावं, माझ्या चटईचं कशाला?

गुरुवार, २० फेब्रुवारी

नणंदबाई येऊन गेल्या. त्या स्वतः शाळेत शिक्षिका, वीस वर्षं. चप्पल काढता काढताच सुरू.

"अगं, परीक्षेचं काय? मैत्रिणी कुठून आणणारेस? उद्या दाखला कोण देणार? आणि तू धडे घेणार, घर बघणार की हिला शिकवणार?"

मी एकेकाचं उत्तर देत गेले. ताई, बाहेरून परीक्षेला बसता येतं, अर्ज आणून ठेवलाय. मैत्रिणींचं म्हणाल तर खालच्या मजल्यावरच्या जुळ्या रोज संध्याकाळी दोरीवरच्या उड्या मारायला बोलावतात आणि शनिवारी वाचनालयात मुलांचा गट असतो. दाखला खात्याकडून. आणि वेळ? सकाळ तिची, दुपार गाडीची, घर ज्याच्या हाताला लागेल त्याचं.

"आणि बोलणार कधी ही? बोलणाऱ्याची माती खपते बाई, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं."

मग त्यांनी खारूलाच विचारलं, "काय गं, आवडतं का घरी?" खारू विचार करायला लागली. मी म्हटलं, "खूप आवडतं तिला! हो ना?" खारूनं मान हलवली. नणंदबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि चप्पल पायात सरकवली. त्यांची चहा न घेता जाण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून नोंद करून ठेवते.

शुक्रवार, ७ मार्च

एक महिना झाला आणि गणिताच्या वहीत एकही चूक नाही! एकही! शाळेतली जुनी वही शेजारी ठेवून बघितली, नुसत्या लाल फुल्या. फरक कशामुळे? मी शेजारी असते. तिची पेन्सिल चुकीच्या अंकाकडे वळायला लागली की मला आधीच कळतं. चौदा वर्षांची सवय, शिकाऊचा खांदा हलला की गाडी कुठं जाणार ते कळतं. मी लगेच "अं हं, सात" म्हणते आणि ती सात लिहिते. चुकायची वेळच येऊ देत नाही.

एकच वाईट खोड लागलीय. पानाच्या कोपऱ्यात बारीक काड्या काढत बसते, चार उभ्या आणि एक आडवी. मी खोडरबरनं पुसते, ती पुन्हा काढते. लक्ष विचलित होत असेल. कोपरे दुमडून पिनांनी बंद करावेत का?

आलेखांचा धडा अवघड आहे, तो एप्रिलमध्ये घेऊ.

शनिवार, ८ मार्च

वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी आज जुळ्यांना घड्याळ समजावत होती." मी म्हटलं, दुसरी कुणी असेल.

सोमवार, २४ मार्च

आज सकाळी खारूच्या पोटात दुखलं.

घरी! स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर! पाव शिळा होता बहुतेक. किंवा काल जुळ्यांबरोबर फार उड्या मारल्या. नवऱ्याला विचारलं तर तो चहा ढवळत म्हणाला, "दुकानात भिंग घासताना जास्त दाबलं तर ते फुटतं." मी इथं मुलीच्या पोटाचं सांगतेय, हा दुकानाचं सांगतोय!

खरं लिहायचं तर मला भीती वाटतेय. नोकरी सोडलेली नाही, कुणाचं ऐकलेलं नाही, सगळ्यांना तोऱ्यात उत्तरं दिलीत. तिला घरी आणून मी चूक तर केली नाही? शाळेनं तिची वाचा घालवली, आणि मी? अकरा वाजता ती म्हणाली, "आई, मला एक सांगायचंय, ते टेबलावर जेव्हा तू..." मी म्हटलं, "आधी हे गणित, मग सांग." मग विसरलीच बिचारी. दुपारी गाडीत बसल्यावर पोट ठीक झालं. मोकळ्या हवेचा गुण. उद्यापासून खिडकी उघडी ठेवते आणि अभ्यास अर्धा तास वाढवते, म्हणजे तिला आत्मविश्वास येईल.

बुधवार, ९ एप्रिल

डॉक्टर पास! आज चौदावा धडा. बाजाराचा रस्ता, चढावर थांबून पुन्हा निघणं, उलटी गाडी लावणं, सगळं करून आले आणि माझा पाय एकदाही लागला नाही. तिथूनच परीक्षेच्या मैदानात गेलो. उतरल्यावर गृहस्थांनी आनंदानं मला आणि खारूला एकेक दात घासायचा ब्रश भेट दिला. हा माणूस लग्नातही ब्रशच देत असेल.

गंमत म्हणजे पंधरा-वीस दिवसांपूर्वी खारू म्हणाली होती, "डॉक्टरकाका चौदाव्याला." मी विचारलं कशावरून, पण तेवढ्यात सिग्नल सुटला. पोरीचा अंदाज बरोबर आला! योगायोग असतो एकेक.

सोमवार, २८ एप्रिल

तपासणीची तयारी जोरात. अकरा वह्या, अकरा कव्हरं, प्रत्येकीवर विषय आणि तारीख. एकाही पानावर खाडाखोड नाही. प्रश्नोत्तरंही पाठ करून घेतली. "घरी का शिकतेस?" "घरी मला माझ्या गतीनं शिकता येतं." हे मी तिच्याकडून वीसदा म्हणून घेतलं, प्रत्येक वेळी जरा पटकन.

"बाईंनी दुसरंच विचारलं तर?" खारू म्हणाली.

"मी आहे ना!"

नवरा कव्हर घालत होता. म्हणाला, "तू त्या दिवशी जरा कमी बोललीस तर?"

मी त्याला सांगितलं, तू आधी जास्त बोल, मग मी कमी बोलेन. तर म्हणाला, "छान."

सोमवार, ५ मे

उद्या. पडदे धुतले. कपबशा पुसल्या. वह्यांची कव्हरंही पुन्हा पुसली.

मंगळवार, ६ मे

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

बाई बरोबर दहाला आल्या. साध्या, पन्नाशीच्या, खांद्यावर कापडी पिशवी. टेबलापाशी बसल्या आणि वह्या एकामागून एक चाळत राहिल्या. मी मागून सांगत होते, हे अपूर्णांक, हा परिच्छेद तिनं स्वतः लिहिलाय.

"फार स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या.

"हो ना!"

"खाडाखोड कुठं आहे?"

"नाहीच!" मी छाती काढून सांगितलं.

बाईंनी वही मिटली. अकरा वह्यांवर हात ठेवून त्या खारूकडे वळल्या. "तुला कुठं शिकायला बरं वाटतं? शाळेत की घरी?"

हा तर पाठ केलेल्या प्रश्नाचाच भाऊ! पण खारू गप्प. तिनं खाली बघितलं, खिडकीकडे बघितलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला ऐकू येत होता. मी तोंड उघडलं, तर बाईंनी माझ्याकडे न बघताच हात वर केला, रस्त्यावर गाडी थांबवतात तसा. मी थांबले. अर्धं मिनिट गेलं असेल, मला अर्धं वर्ष वाटलं.

"गाडीत," खारू म्हणाली.

तीन महिने, अकरा वह्या, आणि गाडीत! आता गेलं सगळं, मी मनात म्हटलं.

"गाडीत का गं?"

"गाडीत आईचा पाय कमी कमी होत जातो."

बाईंना काही कळलं नाही. मलाही नाही. खारू हुकावरची किल्ली घेऊन खाली पळाली आणि मागच्या सीटच्या खिशातली जुनी वही घेऊन आली. मी जिला चित्रांची समजत होते ती.

एकेका शिकाऊला एकेक पान. वर "केकवाल्या मावशी", "लिफ्टवाले आजोबा", "दातांचे डॉक्टर", असे नऊ जण. खाली धड्याचा आकडा आणि त्यापुढे काड्या, चार उभ्या आणि एक आडवी. मी जेवढ्या वेळा जादा ब्रेक दाबला तेवढ्या. आणि प्रत्येक पानाच्या मागे पट्टीनं आखलेला आलेख, उतरत उतरत तळाला टेकणारा. आलेख मी अजून शिकवलेलाच नाही!

"तुला कसं कळायचं, आईनं दाबला ते?" बाईंनी विचारलं.

"आईचा गुडघा दिसतो मागून. आणि आईनं दाबला की मी लगेच पुढे ढकलली जाते, त्यांनी दाबला की थोडी उशिरा."

मग डॉक्टरांचं पान. "पहिल्या धड्याला सव्वीस. आठव्याला बारा. म्हणजे सात वेळांत चौदा कमी झाल्या, धड्याला सरासरी दोन. मग बाराच्या शून्य व्हायला अजून सहा धडे. चौदावा." हिशेबाखालची तारीख आठव्या धड्याची होती. योगायोग म्हणाले होते मी त्याला! "पण केकवाल्या मावशींचं चुकलं माझं. मध्ये त्या आजारी होत्या, आल्यावर काड्या वाढल्या. मग मी सुट्टीचे दिवस वेगळे लिहायला लागले." असं ती बोलत राहिली. पंधरा मिनिटं! अडखळली, थांबली, मागे गेली, पुन्हा आली. बाई थांबायच्या तेवढा वेळ. माझी खारू बोलत होती आणि मला रडू येत होतं, आनंदानंच.

बाईंनी शेवटचं पान उलटलं. वर लिहिलं होतं: "मी".

"ही कोण विद्यार्थिनी?"

"मी."

"आणि ह्या काड्या?"

खारूनं माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "मी चुकायच्या आधी आईनं उत्तर सांगितलं, त्याच्या. टेबलावरच्या. आई कोपऱ्यातल्या पुसते, म्हणून इथं उतरवून ठेवल्या."

सुरुवातीला एकतीस. मग चौतीस, एकोणतीस, छत्तीस. काल अडतीस. बाकी सगळ्यांच्या रेघा खाली उतरलेल्या, आणि ही एकटी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी, शेवटी जरा वरच गेलेली. मी ते पान बघत राहिले. आठ-दहा धडे होऊनही पाय कमी होत नसेल तर खोट कुणात असते, हे या घरात मला कुणी सांगायची गरज नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. चौदा वर्षं मिरवलेलं माझं आवडतं वाक्य माझ्याच पोरीनं आलेखात काढून ठेवलं होतं.

"हिच्यात खोट नाही, बाई," मी म्हटलं. "माझा पाय आहे तो."

बाई पहिल्यांदा हसल्या. फॉर्मवर बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "परवानगी वर्षभराची देते. अट एकच. पुढच्या वेळी मला खाडाखोड बघायचीय. आणि या पानावरची रेघ."

वर्षभर! एक अख्खं वर्ष!

संध्याकाळी मी खारूला विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"दोनदा सुरू केलं होतं," ती म्हणाली. मी मागची पानं उलटून बघितली. एकदाचं तर मीच लिहून ठेवलंय, २४ मार्चला. पोटाच्या दुखण्याच्या खालीच.

गुरुवार, ८ मे

आज खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडे नेली. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. खारूला भागाकार दिला: ९५२ भागिले ७.

दुसऱ्याच ओळीला चुकली. मला इकडून उलटं दिसत होतं तरी दिसलं. जीभ दातांखाली धरली. ती पुढे करत गेली, बाकी भलतीच आली, पेन्सिल चावली, छताकडे बघितलं, मधेच जुळ्यांपैकी कुणाचा दात पडला ते सांगितलं, पुन्हा वहीकडे वळली. मी एक शब्द बोलले नाही. एक! चौदा वर्षांत अशी मेहनत केली नसेल. घामानं पाठ ओली झाली.

एकोणीस मिनिटांनी ती म्हणाली, "अरेच्चा," आणि दुसऱ्या ओळीवर भली मोठी फुली मारली. खालती नव्यानं केलं. एकशे छत्तीस. वहीचं पान इतकं घाण झालं होतं की मला ते भिंतीवर लावावंसं वाटलं.

"बघितलंस?" मी ओरडलेच. "एकही नाही! लिही आज शून्य!"

खारूनं मागच्या सीटवरची वही उघडली, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक काडी काढली.

"अगं, पण मी काहीच बोलले नाही!"

तिनं वाकून टेबलाखाली बघितलं. मीही बघितलं. नव्या जागेवरची चटई माझ्या उजव्या पायाखाली पुरती चुरगळली होती.

"पाय," ती म्हणाली.

एक काडी मान्य. सोमवारी अडतीस होत्या.